दर दोन तासांनी

लिंबागणेश, जि. बीड
७ जुलै २०२५

बबिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. मी काही मागायला लिहीत नाही. सहा वर्षांत ज्या आईनं एक फोन केला नाही, तिला मागायचा हक्क नसतो, एवढं मला कळतं.

तुझा नाशिकचा पत्ता केजहून मिळवला. साखराबाईची बहीण केजला दिलेली आहे आणि तिच्याच गल्लीत तुझ्या सोमेश्वररावांच्या चुलत्याचं घर आहे. साखराबाई तुला आठवत असेलच, माझ्या अंगणवाडीची मदतनीस. चुलत्यांनी आधी सांगायला नकार दिला. मग ती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. तुला माहीत आहे, साखराबाई एकदा बसली की उठत नाही. दुपारी त्यांनी पत्ता लिहून दिला, वर चहाही पाजला.

फोन करता आला असता. पण हल्ली माझं बोलणं फोनवर समोरच्याला नीट कळत नाही. दाढेचं दुखणं आहे. गाल सुजतो, तोंड पुरतं उघडत नाही. म्हणून लिहिते.

इकडचं सगळं ठीक. यंदा अंगणवाडीत त्रेचाळीस मुलं आहेत. परवा महिन्याचं वजन घ्यायचा दिवस होता. सगळी मुलं झाली, तेव्हा साखराबाई म्हणाली, "बाई, आता तुमीबी चढा की मोठ्या काट्यावर." चढले. एक्केचाळीस भरले. संक्रांतीला बावन्न होते. मी म्हटलं, काटा बिघडलाय. तर ती स्वतः चढली. तिचे नेहमीसारखे अडुसष्ट भरले. मग दोघी मुलांची नावं मोबाईलमध्ये भरत राहिलो.

तुझ्या आबांना हे पत्र माहीत नाही. त्यांची तब्येत बरी आहे. उत्तर नाही आलं तरी चालेल.

तुझी आई


२१ जुलै

बबिता,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दाढ नाही. उजव्या गालाच्या आतून कॅन्सर आहे. मला जूनमध्येच कळलं होतं. पहिल्याच पत्रात हे लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, मरायला टेकली म्हणून आठवण आली. आणि तसं वाटलं असतं तर ते फार चूकही नव्हतं.

कारण तुला माहीत आहे. मिश्री. तू लहानपणी माझी डबी कणगीमागे लपवायचीस आणि मी तुला शोधायला लावायचे. बत्तीस वर्षं गावातल्या गरोदर बायांना मी सांगत आले, मिश्री सोडा. आणि घरी आले की मोरीत उभी राहून स्वतः लावायचे. हे मी फक्त तुला लिहितेय. गावाला एव्हाना माहीत असणार, पण कुणी तोंडावर म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात संभाजीनगरला कॅन्सरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "ऑपरेशन होण्यासारखं आहे. पण आज नाही. तुमचं वजन एकोणचाळीस, रक्तही कमी. या अंगावर मी सुरी चालवली तर जखम भरून येणार नाही." आणि आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. संगीता मॅडम. वयानं तुझ्याएवढ्या असतील.

त्यांनी विचारलं, "काल दिवसभरात काय खाल्लं?"

"चहा. आणि दुधात कुस्करलेली अर्धी भाकरी."

"अजून?"

"चहा."

त्या लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "काम काय करता?"

मी सांगितलं, अंगणवाडी सेविका. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग बाई, सहा महिन्यांत एवढं वजन उतरलेलं लेकरू तुमच्याकडे आलं असतं, तर तुम्ही काय नोंद केली असती?"

"तीव्र कुपोषित," मी म्हटलं. आणि बबिता, मला हसू आलं. त्या तोंडानं हसणं म्हणजे काय हाल, पण आवरेना. आयुष्यभर दुसऱ्यांची लेकरं वजनाच्या लाल रेघेच्या वर ओढत आले आणि स्वतः कधी खाली घसरले ते कळलं नाही. मॅडमही हसल्या. तुझे आबा मात्र गोंधळले. त्यांना वाटलं, काहीतरी चांगली बातमी आहे.

मग मॅडमनी समजावलं. "दोघींना सारखाच आजार असतो, सारखंच ऑपरेशन, सारखाच किरणांचा शेक. पण जिच्या अंगात बळ असतं तिची जखम भरते आणि शेक अर्ध्यात सोडावा लागत नाही. तीच जास्त जगते असं मी छातीठोक सांगणार नाही. पण उपाशी अंगाला संधी कमी मिळते, एवढं मी इथं रोज बघते. दोन आठवडे देते तुम्हाला. एक्केचाळीस करून या."

तोंडानं जात नाही म्हणून नाकातून नळी घातली आहे. ती सरळ पोटात जाते. पातळ केलेलं, गाळलेलं अन्न मोठ्या पिचकारीनं हळूहळू सोडायचं. दर दोन तासांनी, भूक असो वा नसो.

घरी आले तर अंगणवाडी सुटायची वेळ. मुलं दारात गोळा झाली. नळी बघून सगळी दोन पावलं मागं सरकली. मला वाटलं, भ्यायली. तेवढ्यात शेताशेजारच्या धुळाजीची नात, ती बोबडी, म्हणाली, "बाई गनपती झाल्या." गणपतीच्या गावातली लेकरं ती, त्यांना दुसरं काय सुचणार. साखराबाईनं तिला दटावायला तोंड उघडलं आणि पदर तोंडात कोंबून हसत आत पळाली. तेव्हापासून दोन पोरी रोज येऊन माझ्यापुढं जास्वंदीचं फूल ठेवून जातात.

रजा टाकली आहे. भिंतीवर माझ्यासाठी कागद लावला आहे, मुलांच्या वाढीचा असतो तसाच. पहिलं टिंब एकोणचाळीसवर.

आई


४ ऑगस्ट

बबिता,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "वजन किती झालं ते कळव." खाली नावसुद्धा नाही. मी ते किती वेळा वाचलं हे तुला सांगणार नाही.

तर आधी तेच कळवते. पहिले चार दिवस काटा जागचा हलला नाही. मग एकोणचाळीस चारशे. मग चाळीस शंभर. आज सकाळी एक्केचाळीस दोनशे. शुक्रवारी ऑपरेशन आहे.

कार्ड तुझ्या आबांच्याच हाती पडलं. पोस्टमननं दारात दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, म्हणजे एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला एक ओळ, तरी बराच वेळ लागला. मला वाटलं, आता फाडतात. तर म्हणाले, "तिला आपल्या काट्यावरचं कळव. दवाखान्याचा काटा अर्धा किलो कमी दावतोय." आणि मिक्सर लावायला गेले.

हो, मिक्सर. तुला खरं वाटणार नाही. ज्या माणसानं जन्मात चहाचं आधण ठेवलं नाही, तो आता माझं जेवण करतो. मूगडाळ-तांदळाची मऊ पेज, त्यात दूध, शेंगदाण्याचं कूट, दोन चमचे तेल, थोडा गूळ. पहिल्या दिवशी त्यांनी शेंगदाण्याची सालं काढली नाहीत. नळी तुंबली. साखराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आसारामभाऊ, कावून एवढी घाई? फडकं घ्या अन् दोनदा गाळा. ही बाई हाय, शेतातलं ठिबक न्हाई." त्यांनी फडकं आणलं. आता तिबार गाळतात. फडकं स्वतः धुतात, उन्हात घालतात, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर चिडतात.

साखराबाई रोज सकाळी माझं वजन अंगणवाडीच्या बाहेरच्या फळ्यावर लिहिते. मी नको म्हटलं होतं. आता दूध घालायला जाणारी माणसं फळ्यापाशी थांबून बघून जातात. मागच्या आठवड्यात चाळीस लागलं तर गल्लीतली छबुबाई पेढे घेऊन आली. मला खाता येत नाहीत, हे तिच्या लक्षात दारात आल्यावर आलं. मग तिनं ते तुझ्या आबांना दिले. त्यांनी ते दुधात वाटून, गाळून मला दिले. नळीतून पेढा खाल्लेली जिल्ह्यात मीच एकटी असेन.

ऑपरेशनच्या आधी एक गोष्ट लिहून टाकायची आहे. तू लग्न करून बीडहून एकटी आलीस, ओट्यावर बसलीस. सकाळी दहा ते दुपारी चार. हे म्हणाले होते, "मेंढरं राखणाऱ्याच्या घरात गेली ना, तिला कुणी पाणी विचारायचं न्हाई." आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी मी अंगणवाडीत अडतीस मुलांना खिचडी वाढून आले होते. घरी येताना तुझ्या शेजारून आत गेले. उंबरा ओलांडताना माझा पदर तुझ्या गुडघ्याला लागला होता.

मी घाबरले, एवढंच. याहून मोठं कारण मी सहा वर्षं शोधलं, सापडलं नाही. तुझ्या आबांवर ढकलणं सोपं होतं, पण वाढायचा डाव माझ्या हातात होता, त्यांच्या नाही.

माफ कर असं लिहीत नाही. तू वजन विचारलंस, मला एवढ्यावर शुक्रवार काढता येईल.

आई


संभाजीनगर
२९ ऑगस्ट

बबिता,

जिवंत आहे. उजवा गाल थोडा आत गेला आहे आणि गळ्याला मोठी शिवण आहे. जखम छान भरली. डॉक्टर टाके बघून संगीता मॅडमना म्हणाले, "याचं श्रेय तुमचं." मॅडम म्हणाल्या, "माझं नाही, त्या बाहेर बसलेल्या काकांचं." काका म्हणजे तुझे आबा. ते दारातून ऐकत होते. दिवसभर टोपी सारखी करत होते.

बोलायला अजून येत नाही, पाटीवर लिहिते. आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटेच एक जण वॉर्डाच्या दाराशी येऊन उभा राहिला. तुझ्या आबांना म्हणाला, "मी बीडकडचा. रक्त द्यायला आलोय." आबांना वाटलं, कुठल्या मंडळाचा कार्यकर्ता असेल. रक्त देऊन तो गेला नाही. तीन दिवस राहिला. औषधं आणली, रांगेत उभा राहिला, आबांना जेवायला नेलं.

तिसऱ्या दिवशी मला ऑपरेशननंतर पहिल्यांदा नळीतून अन्न द्यायचं होतं. आबांनी पिचकारी भरली आणि ताज्या टाक्यांकडे बघून तशीच खाली ठेवली. त्यानं पिचकारी घेतली. म्हणाला, "आबा, आधी मनगटावर थेंब टाकून बघा. अंगाएवढंच ऊन पाहिजे. कोकरू अशक्त असलं, आईला लुचत नसलं, की आमी असंच करतो. धार उंच धरायची न्हाई. त्याचा श्वास बघत बघत सोडायचं." आणि इतकं सावकाश दिलं की मला काही सोडल्याचं कळलंसुद्धा नाही.

मी त्याला बघताक्षणी ओळखलं होतं. तुझ्या लग्नाचा फोटो वत्सलाबाईच्या सुनेच्या मोबाईलवर मी तेव्हाच पाहिला होता. एकदा नाही, पुष्कळदा. आबांनी मात्र तो कधी पाहिला नव्हता, बघायला नकारच दिला होता. आणि मला तर बोलताच येत नव्हतं. पाटीवर लिहिता आलं असतं. पण मी लिहिलं नाही.

आबा खाली चहाला गेले, तेव्हा सोमेश्वररावांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. पिवळ्या फ्रॉकमधली पोरगी, हातात अर्धं खाल्लेलं केळ. "ओवी," ते म्हणाले. "तुमची नात."

मी पाटी ओढली आणि लिहिलं, "वय?"

"सव्वातीन वर्षं."

"वजन?"

ते हसायला लागले. "बबितानं सांगितलं होतं, आई आधी हेच विचारणार. साडेतेरा."

वाढीच्या कागदावर हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे चांगली. मी डोळे मिटून घेतले. नर्स धावत आली, दुखतंय का म्हणून. मी मानेनं नाही म्हटलं.

तू मला नातीचं कळवलं नाहीस याचा मला राग नाही. मी कळवून घ्यायच्या लायकीची नव्हते. पण तू नवऱ्याला पाठवलंस, बबिता. तीन दिवसांची कामावरची सुट्टी, स्वतःचं रक्त, आणि वर "माझं नाव सांगू नका" असं बजावून.

सोमेश्वरराव गेल्यावर तुझे आबा म्हणाले, "त्या बीडच्या पोराचा हात लई हलका हाय." संध्याकाळी पुन्हा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पिचकारी धरताना तिसऱ्यांदा म्हणाले.

आई


संभाजीनगर
१२ ऑक्टोबर

बबिता,

महिनाभर पत्र नाही म्हणून तू साखराबाईला फोन केलास, असं कळलं. ती गावभर सांगत फिरली, "बबिताचा फोन आलता, मला." तिचा भाव सध्या वाढलाय.

शेक सुरू आहेत. तीसपैकी वीस झाले. हे दिवस वाईट गेले, लपवत नाही. तोंड आतून सोलून निघालं, थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. नळी मध्ये काढली होती, ती परत घातली. वजन बेचाळीसवरून चाळीसवर आलं. पंधराव्या शेकानंतर मी पाटीवर लिहिलं, "बास. घरी चला."

तिकडं आपल्याकडं पावसानं धुमाकूळ घातला होता. आपल्या कापसात गुडघाभर पाणी उभं होतं. माणसं फोन करून बोलावत होती. तुझे आबा एकदाही बघायला गेले नाहीत. पाटी वाचून ते उठले आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं, शेवटी गावाकडं निघाले.

तासाभरानं परत आले. पिशवीत डझनभर अंडी. ज्या माणसानं आयुष्यात घराच्या आत अंडं येऊ दिलं नाही, तू लहान असताना एकदा शेजारून ऑम्लेट खाऊन आलीस तर तुला अंघोळ घालायला लावली, तो माणूस दवाखान्याजवळच्या आमच्या धर्मशाळेच्या खोलीत गॅससमोर उकिडवा बसला आणि अंडी उकडू लागला. उकडून, सोलून, दुधात वाटून, गाळून. तोंड फिरवून वाटत होते, वास सहन होत नव्हता. मी बघत होते.

पिचकारी हातात घेऊन म्हणाले, "मॅडमनी सांगितलं, वजन अजून उतरलं तर शेक थांबवावे लागतील. अन् मधीच थांबलं तर इतकं केलेलं पाण्यात. ते मी होऊ देणार न्हाई." मग मनगटावर थेंब टाकून बघितला आणि म्हणाले, "जावयानं शिकिवलंय तसंच देतो. हलू नको."

मी पाटी शोधायला लागले.

"कावून बघती अशी? मला ठावं हाय. दुसऱ्याच दिवशी कळलं. तो जिन्यात फोनवर बोलत हुता, 'बबिता, आबा जेवले.' मी वरच्या पायरीवर हुतो."

मी लिहिलं, "मग बोलला का नाहीत?"

त्यांनी आधी पिचकारी पुन्हा भरून घेतली. "काय बोलायचं? पोरगं माझ्यासंगं तीन दिस राहिलं. मी त्याला नाव इचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई. इचारलं असतं तर मला कायतरी बोलावं लागलं असतं अन् ते गेलं असतं. मला ते जायला नको हुतं."

बबिता, मी तुला जसंच्या तसं लिहिलंय. एक शब्द वाढवला नाही.

त्या दिवसापासून मी घरी चला म्हटलेलं नाही. दर दोन तासांनी हे उठतात, मोबाईलवर गजर लावलाय, गजराला कोंबड्याचा आवाज. धर्मशाळेतल्या बाकीच्या पेशंटची माणसं आता यांना विचारायला येतात, पेज किती पातळ करायची, कूट कधी घालायचं. हे खोलीच्या दारात बसून सांगतात. परवा एका बाईला म्हणाले, "घाई करू नका. बाई हाय, ठिबक न्हाई." साखराबाईचं नाव मात्र घेतलं नाही.

काल एक्केचाळीस भरलं.

आई


लिंबागणेश
१४ डिसेंबर

बबिता,

तुझं चार पानी पत्र पोचलं. ओवीनं काढलेलं चित्रही. त्यात माझ्या नाकातून जी लांब रेघ आहे ती नोव्हेंबरअखेर निघाली. कायमची. आता तोंडानं खाते.

पहिल्यांदा काय खाल्लं ते तू विचारलंस. ज्वारीची आंबील, ताकातली, जिऱ्याची. साखराबाईनं आणली. एक चमचा घेतला, दुसरा घेतला, आणि आंबट लागलं. बबिता, चव आली. चार महिने तोंडाला काहीच कळत नव्हतं. मी वाटी खाली ठेवेना म्हणून साखराबाई म्हणाली, "बाई, वाटी अंगणवाडीची हाय, ती सोडा." सगळं अजून मऊच लागतं, घास गालात एका बाजूला अडकतो आणि तोंड दोन बोटंच उघडतं. त्यासाठी व्यायाम दिलाय. आरशासमोर करते. वाकडं तोंड बघून धुळाजीची नात माझ्यासोबत तसंच तोंड करते.

मिश्री सुटली. तलफ येते, खोटं सांगत नाही. आली की तेवढ्यापुरता लवंगेचा तुकडा.

मंगळवारी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "सध्या कुठं काही दिसत नाही. दोन महिन्यांनी या."

मी विचारलं, आता बोबडं का होईना, बोलते. "किती वर्षं धरू?"

ते म्हणाले, "ते मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण जुलैमध्ये तुम्ही इथं बसला होता तेव्हा मी दिवाळीचाही विचार करत नव्हतो." मग संगीता मॅडमनी काट्यावर उभं केलं. चव्वेचाळीस तीनशे. मॅडमनी माझ्या कागदावर रेघ ओढली आणि म्हणाल्या, "सेविकाबाई, आता नोंद तुम्हीच करा." मी लिहिलं, "साधारण." मुलांच्या वहीत आम्ही हाच शब्द लिहितो. मुलांसाठी हजारदा लिहिला असेल. इतका सुंदर शब्द आहे, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या तारखेला कामावर रुजू झाले. वजनाच्या दिवशी दोन मुलं पिवळ्या पट्ट्यात निघाली. एकाची आई म्हणाली, "खातच न्हाई ओ, किती मागं लागायचं." पूर्वी मी तिला पाच मिनिटं भाषण दिलं असतं. आता तिच्याजवळ बसले आणि विचारलं, काल दिवसभरात काय खाल्लं त्यानं, आणि तू काय खाल्लंस. ती रडायलाच लागली. तिनंही नीट खाल्लं नव्हतं. दोघांना समोर बसवून वाढलं. तिथून उठायची मला घाई नव्हती.

तू लिहिलंस, "त्या दिवसाचं मी विसरले नाही, पण आता तो दिवस आठवला की त्याच्याबरोबर आबा अंडी वाटतानाही दिसतात, आणि मला हसू येतं." मला याहून जास्त नको. विसरू नकोस. हसू आलं तर येऊ दे.

ओवीच्या शाळेला नाताळात सुट्टी आहे म्हणतेस, आणि तुम्ही तिघं येता म्हणतेस. या बाबतीत तुझ्या आबांचं काही वेगळं म्हणणं आहे. मी लिहिते म्हटलं तर म्हणाले, माझं मी लिहितो. सकाळपासून पेन घेऊन बसलेत. आत्ता कागद दिलाय, तो तसाच जोडते. मी एकही चूक दुरुस्त केलेली नाही.

आई


बबिता,

मला जास्त लिहिता येत न्हाई. चवथीपोत्तर शाळा.

तुमी येऊ नका. आमी येतो. मोठ्या माणसानं आधी जावं असं मला वाटतंय. डागदरला इचारलं, परवास चालंल म्हणाले. बीडहून सकाळची नाशिकची गाडी हाय, तिकिटं काढून आनली. सव्वीस तारीख, शुक्रवार. तुझ्या मायला खिडकी घेतली हाय.

मायला दर दोन तासाला लागतं. वाटंतलं मी संगं घेतो. तिथं मिक्सर हाय का न्हाई ते कळव, नसंल तर आपला आनतो. फडकं मी आनतोच.

पोरीला काय आवडतं ते कळव. केळ आवडतं एवढं माय म्हणली. आनखी काय.

मी तुज्या घरी किती दिवस राहावं ते तुमी दोघांनी ठरवा. मला घाई न्हाई. रब्बीची ज्वारी उभी हाय, धुळाजी बघतो म्हणला.

सोमेश्वररावांना सुट्टी असंल तर स्टँडवर यायला सांग. नसंल तर काढायला सांग.

आसाराम